हूकपट्टीचं घर

एका बुटाच्या नाडीवर मी आयुष्यातले अकरा दिवस घालवले आहेत. नाडी बांधण्यात नव्हे, ती नाडी म्हणजे नेमकी काय वस्तू आहे हे ठरवण्यात. नाडीच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची बारीक टोपी असते ना, जी तुटली की नाडी भोकातून जात नाही? ती टोपी असेल तर नाडी ‘तयार वस्तू’ होते. ती नसेल तर तीच नाडी नुसती विणलेली दोरी. आमच्या मालातल्या निम्म्या नाड्यांना एकाच टोकाला टोपी होती. अकरा दिवस कसे गेले, हे आता आपल्या लक्षात येईल.

दिवाळी अंकाच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, “तुमच्या कामाबद्दल लिहा, पण लोकांना कळेल असं लिहा.” मी म्हटलं, बाई, माझ्या बायकोला तेहतीस वर्षांत ते कळलं नाही, लोकांना चार पानांत काय कळणार! त्या हसल्या आणि तारीख सांगून मोकळ्या झाल्या. लिहिणं आलं. खरं सांगायचं तर आता उत्साह नाही. पण एक गोष्ट मनात बसून आहे, ती कुठेतरी सांगून टाकावी म्हणून बसलो आहे.

मी सरकारी नोकर नव्हतो. बरेच जण ‘कस्टममध्ये होतो’ म्हटलं की वेगळ्याच नजरेने बघतात आणि घरी इम्पोर्टेड काय काय आहे ते विचारतात. घरी काही नाही. मी एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत नोकरी केली. परदेशातून कोणी माल मागवला की तो सोडवून आणायची कागदपत्रं आमची कचेरी करायची, आणि त्यातलं एकच काम माझं होतं, हेडिंग लावायचं. टॅरिफ नावाचं एक जाडजूड पुस्तक आहे. जगात विकत घेता येईल अशी प्रत्येक वस्तू त्यात कुठे ना कुठे बसवलेली आहे. घोड्यापासून घोड्याच्या नालापर्यंत. प्रत्येक वस्तूला तिथे एकच घर, आणि त्या घराचा नंबर म्हणजे हेडिंग. नंबरावर ड्यूटी, म्हणजे आयातीवरचा कर, ठरते. नंबर चुकला की माल अडकतो, दंड होतो, गिऱ्हाईक ओरडतं, मालक मान खाली घालून बसतो.

माझ्या वाट्याला कापडाची किरकोळ मंडळी आली होती. बटणं, चेनी, लेबलं, लेस, लटकन, गोंडे, इलॅस्टिक, हूक, बक्कल. ज्यांच्याशिवाय कपडा अंगावर टिकत नाही आणि ज्यांच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, असा सगळा माल. बाहेरच्या माणसाला वाटतं, कपड्याला लागतं ते कपड्यातच येणार. तसं नाही. बटण आणि चेन राहतात झाडू, कंगवे आणि पेन्सिलींच्या शेजारी. धातूचा हूक राहतो कुलपं आणि तिजोऱ्यांच्या आळीत. विणलेलं लेबल कापडात, तर कागदी लेबल कागदात. आणि भरतकाम केलेला शाळेचा बिल्ला एका घरात, तसाच दिसणारा विणलेला बिल्ला दुसऱ्यात. ते ओळखायचं कसं, तर बिल्ला उलटा करायचा. मागच्या बाजूला खाली वेगळं कापड दिसलं, त्यावर दोऱ्याची गुंतवळ दिसली की भरतकाम. मी एवढे बिल्ले उलटे केले आहेत की लग्नात कोणाची भरजरी साडी दिसली तरी माझा हात पदराकडे जायचा. बायको वेळीच हात धरायची म्हणून निभावलं.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. एक शेठ होते, ते प्रत्येक बिलावर ‘फॅन्सी आयटम’ एवढंच लिहून आणायचे. आत काय आहे विचारलं की म्हणायचे, “तुम्हीच बघा ना, तुम्ही एवढे हुशार.” एकदा त्यांच्या खोक्यातून लोकरीचे गोंडे निघाले, प्रत्येक गोंड्याला दोन डोळे चिकटवलेले. डोळे नसते तर गोंडा. डोळे आहेत, मग खेळणं का? मी शेठना विचारलं, हे कशाला वापरणार? ते म्हणाले, “जे स्वस्त पडेल ते लिहा, मी तसं वापरतो.”

त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला काही विचारणं सोडलं. आमच्या कामाचा तसा नियमही आहे. आलेली वस्तू जशी आहे तशी बघायची. ती पुढे कोण, कुठे, कशाला वापरणार, हे सहसा बघायचं नाही. नियम चांगला आहे. पण मी तो जरा जास्तच अंगी लावून घेतला. वस्तूबद्दल विचारायचं नाही, एवढंच त्यात म्हटलेलं होतं. मी हळूहळू माणसांना काहीच विचारेनासा झालो.

तेहतीस वर्षांत मी लावलेलं एकही हेडिंग बदललं गेलं नव्हतं. प्रश्न आले, सुनावण्या झाल्या, पण घर बदललं नाही. आमच्या धंद्यात हे तसं कोणाच्या नशिबी नसतं. आमचे मालक सावंतसाहेब नव्या गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देताना हेच पहिलं सांगायचे. मी मान खाली घालून ऐकायचो आणि मनातून फुगायचो.

निवृत्तीला चार-पाच महिने राहिले असताना मंदाताई आमच्याकडे आल्या. आमचं घर शहापूरला, तहसील कचेरीच्या मागच्या बाजूला. रविवार होता, गणपती नुकतेच गेले होते. चाळिशीच्या आसपासची बाई, हातात शाळेच्या डब्याची पिशवी. मुरबाडच्या एमआयडीसीत त्यांचा शिवणकामाचा छोटा कारखाना होता. एका पत्र्याच्या गाळ्यात वीसेक मशिनं, आणि मशिनवर आजूबाजूच्या गावांतल्या, वाड्यांवरच्या बायका. भातसानगरला राहणाऱ्या माझ्या मेव्हणीने त्यांना माझं नाव सांगितलं होतं.

“भाऊ, तुमी आपल्या हितलं मानूस, म्हनून आले,” त्या म्हणाल्या. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. चहा झाला, पावसाचं झालं, मुरबाडच्या रस्त्याचं झालं. ताकाला येऊन भांडं लपवणं चाललं होतं. शेवटी माझी बायको शैला म्हणाली, “तुम्ही माझ्याकडे द्या हो, मी दाखवते त्यांना.”

पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी निघाली. आत बायकांच्या अंतर्वस्त्राच्या मागे लावतात ती हूकपट्टी. एका तुकड्यावर दोन हूक, दुसऱ्यावर ते अडकवायच्या कड्या, कड्यांच्या तीन रांगा. मी ती हातात घेतली, उलटी केली, कडा पाहिल्या. मला त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं, असल्या पट्ट्या मी किलोने पाहिल्या होत्या. मंदाताई मात्र खिडकीबाहेर बघत होत्या.

“रांगा तीन कशाला असतात, माहितीये का तुम्हाला?” शैलाने विचारलं.

मी म्हटलं, मापासाठी असतील. जाड-बारीक.

“कपडा नवा असताना बाहेरची रांग लावायची. धुऊन धुऊन सैल झाला की मधली. मग आतली. तेवढा तो जास्त दिवस चालतो.” ती मंदाताईंकडे वळली. “तीस वर्षं ह्या पट्ट्या ओळखतात, आणि हे माहीत नाही.”

दोघी मनसोक्त हसल्या. मीही हसलो, पण ते मला थोडं लागलं.

मंदाताईंना ठाण्याच्या एका कंपनीचं मोठं काम मिळालं होतं. आतापर्यंतचं सगळ्यात मोठं. तुळशीच्या लग्नापर्यंत माल पोचवायचा होता, लग्नसराईसाठी. कंपनीची अट अशी की हूकपट्टी मंजूर नमुन्याचीच हवी, आणि ती परदेशातूनच यायची. त्यांनी धडपड करून परवाना काढला होता, माल विमानाने येणार होता. दोन खोकी. आमच्या कचेरीच्या मानाने हे काम म्हणजे चणे-फुटाणे. पण आपल्या भागातलं माणूस, म्हणून मी ते स्वतःकडे घेतलं. सावंतसाहेब म्हणाले, “करा, तुमचीच पार्टी.”

मी हेडिंग लावलं ते धातूच्या हुकांचं. कारण सरळ होतं. धरून ठेवायचं काम हूक करतो. पट्टी फक्त हूक वाहून नेते.

नवरात्राच्या आधी माल आला आणि चौथ्या दिवशी प्रश्न आला. पूर्वी अधिकारी समोर बसलेला असायचा. त्याच्या टेबलावर वस्तू ठेवता यायची. तो ती उलटीसुलटी करायचा, आपण दोन शब्द बोलायचो, कधी चहा व्हायचा. आता दुसऱ्याच कुठल्या शहरातला, नाव-चेहरा नसलेला माणूस पडद्यावर प्रश्न टाकतो. त्याला पट्टी हातात घेता येत नाही आणि मला ती त्याच्या हातात देता येत नाही. प्रश्न असा होता की पट्टी लांबलचक नाही, मापाने कापून, कडा बंद करून आलेली आहे. म्हणजे ती नुसता हूक नव्हे, अंतर्वस्त्राचा तयार भाग आहे. तेव्हा हेडिंग कपड्यांचं का लावू नये?

प्रश्न मूर्खपणाचा नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून तर मी चिडलो.

सावंतसाहेबांनी प्रश्न वाचला आणि म्हणाले, “फरक फार नाही ड्यूटीत. हरकत नोंदवून भरून टाका, माल सोडवा. मग भांडत बसू वर्षभर.”

हा रस्ता खरोखर असतो. अधिकारी म्हणेल तो नंबर घ्यायचा, ‘आम्हाला मान्य नाही’ असं लेखी द्यायचं, पैसे भरायचे, माल घरी न्यायचा. नंतर अपील. जिंकलो तर वरचे पैसे परत. पण कागदावर माझं हेडिंग बदललेलं दिसलं असतं. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही जाता जाता.

मी म्हटलं, “साहेब, आपली बाजू पक्की आहे. आठ दिवसांत निकाल लावतो.”

“पार्टीला विचारा तरी.”

“पार्टीला काय कळतंय त्यातलं?”

सावंतसाहेब वयाने माझ्याहून लहान. त्यांच्या वडिलांनी मला कामावर घेतलं होतं. मी उत्तर लिहायला बसलो. चार पानी उत्तर झालं. इतकं चांगलं उत्तर मी कधी लिहिलं नव्हतं. अजून माझ्याकडे त्याची प्रत आहे. परवा काढून वाचली, तर वाक्यं अजून चांगली वाटली, आणि मग ती फाइल मी माळ्यावर टाकली.

उत्तर आणखी भक्कम व्हावं म्हणून पट्टी कपड्यावर प्रत्यक्ष कशी बसवतात ते बघायचं मी ठरवलं. शनिवारी किन्हवलीवरून एसटीने मुरबाडला गेलो. साऱ्या नोकरीत एखादी वस्तू कुठे जाते ते बघायला मी पहिल्यांदाच निघालो होतो.

गाळ्यात उकाडा होता, पण कामाचा आवाज चांगला होता. मंदाताईंनी सगळं फिरवून दाखवलं. बरेच कपडे पूर्ण शिवून झाले होते, फक्त पाठीमागची हूकपट्टी तेवढी राहिली होती. असे कपडे रचून ठेवले होते, भिंतीच्या कडेने, कमरेएवढे ढीग. ढिगांवर पांढरी चादर टाकलेली. बाकी सगळी मशिनं उरलेल्या कपड्यांवर चालू होती, कोपऱ्यातलं एक मशिन मात्र बंद होतं. पट्टी लावायचं मशिन ते. त्याच्यासमोर एक बाई हात मांडीवर ठेवून बसली होती.

“ही सोमी,” मंदाताई म्हणाल्या. “पट्टी हीच लावते. दुसऱ्या कोनाला एवढी सरळ नाय जमत.”

सोमी कातकरी वाडीवरची. तिशीची असेल. कामाचे पैसे नगावर, त्यामुळे मशिन बंद म्हणजे मजुरी बंद. तरी ती रोज येऊन बसायची. मी वहीत पट्टी कशी जोडतात ते टिपून घेत होतो, तेव्हा ती म्हणाली, “साहेब, माल कवा येल?”

“येईल. थोड्या दिवसांत.”

“तसं नाय. उद्या मुकादम येतंय वाडीवर, उचल घेऊन. घ्यायची का नाय, त्ये सांगाया लागंल.”

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पावसाळा सरला की वीटभट्टीचे मुकादम आमच्याकडच्या वाड्यांवर फिरतात आणि आगाऊ पैसे देतात. ती उचल. ज्याने उचल घेतली त्याने बायकापोरांसकट भट्टीवर जायचं, आणि पावसाचे ढग येईपर्यंत परतायचं नाही. पहिल्या फेरीत हो म्हणणाऱ्यांना जवळच्या भट्ट्या मिळतात. मागाहून येणाऱ्यांना उरलेल्या.

“यंदा नाय जायाचं आमाला,” सोमी म्हणाली. “माजी रतन पाचवीला हाय. दर साली अर्ध्यातून निंगतो, तिची परीक्षाच नाय होत. यंदा मास्तर बोल्ले, पोर हुशार हाय, ठेवा हितं. तुमी फक्त सांगा साहेब. माल आला तं मी हितं पोट भरीन. नाय आला तं उद्या उचल घेतो.”

मशिनांचा आवाज हळूहळू कमी झाला. बायका ऐकत होत्या. त्यांतल्या सहा-सात जणींचा प्रश्न तोच होता.

मी काय सांगायला हवं होतं? सांगायला हवं होतं की बाई, माझा वाद चालू आहे, तो कधी संपेल माझ्या हातात नाही. किंवा हेच सांगायचं, की माल सोमवारी खात्रीने आणायचा एक रस्ता आहे. पण माझ्या वहीत चार पानी उत्तराचा कच्चा मसुदा होता आणि मी त्याच्या प्रेमात होतो.

मी म्हटलं, “सोमवारी माल सुटेल. मंगळवारी तुमच्या मशिनवर.”

मी खोटं बोललो असं नाही. माझा त्यावर विश्वास होता. पण हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

रविवारी मुकादम आला आणि सोमीने उचल नाकारली. तिच्या मागोमाग आणखी सहा जणींनी. सोमवारी माझं उत्तर पोचलं. बुधवारी त्यावर दुसरा प्रश्न आला. मग नमुना मागवला. मग सुनावणीची तारीख, मग ती पुढे ढकलली, मग फाइल वरच्या अधिकाऱ्याकडे. मंदाताई रोज सकाळी फोन करायच्या. मी रोज सांगायचो, “आपली बाजू पक्की आहे, ताई.” पहिले काही दिवस त्या “बरं” म्हणायच्या. नंतर नुसतं ऐकून फोन ठेवायच्या. एकदा त्यांनी विचारलं, “दुसरं काय करता येनार नाय का भाऊ?” मी म्हटलं, “दुसरं करण्याची गरजच नाही.”

ठाण्याच्या कंपनीने दसऱ्यानंतर एक माणूस पाठवला. त्याने चादर उचलून ढीग पाहिले, फोटो काढले. दिवाळीच्या दोन दिवस आधी त्यांनी काम काढून दुसऱ्याला दिलं. बिनहुकाच्या कपड्यांचं मंदाताईंनी काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. भाऊबिजेनंतर गाळा उघडला नाही.

सोमी आणि बाकीच्या सहा जणी मुकादमाकडे गेल्या. तोपर्यंत जवळच्या भट्ट्या भरल्या होत्या. त्यांना पार गुजरातच्या हद्दीजवळची भट्टी मिळाली, आणि उचलही कमी. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी सुनावणीची तयारी करत होतो.

संक्रांतीच्या सुमाराला निकाल आला. माझं हेडिंग बरोबर ठरलं. निकालात माझ्या उत्तरातली दोन वाक्यं जवळजवळ जशीच्या तशी घेतली होती. कचेरीत पेढे वाटले गेले. त्याच महिन्याच्या अखेरीला माझा निरोप समारंभ झाला आणि सावंतसाहेबांनी भाषणात सांगितलं की तेहतीस वर्षांत एकही घर बदललं नाही. टाळ्या झाल्या. ते बोलताना माझ्याकडे बघत नव्हते, हे माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात आलं नसावं.

दोन खोक्यांचं गोदामभाडं मालाच्या किमतीवर गेलं होतं. नाकापेक्षा मोती जड. ते मी माझ्या खिशातून भरलं, शैलाला सांगून. ती म्हणाली, “भरा. पण तेवढ्याने झालं असं समजू नका.”

फेब्रुवारीत एका सकाळी खोकी आणि निकालाची प्रत घेऊन मी भाड्याच्या गाडीने मुरबाडला गेलो. वरातीमागून घोडं म्हणतात, ते आम्ही. गाळ्यावर दुसऱ्याच कोणाची पाटी होती, आत खुर्च्या आणि मंडपाचं सामान भरलेलं. मंदाताई घरी भेटल्या. गावातलंच घर, पुढे ओटी. एक मशिन ओटीवर आणून त्या शेजारणींची ब्लाउजं शिवत होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं, खोकी कोपऱ्यात ठेवून घेतली. उघडली नाहीत.

मी निकाल पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचायचा प्रयत्न केला. इंग्रजी होता, म्हणून मी मराठीत समजावला. हुकाचं काम काय, पट्टीचं काय, अधिकाऱ्याचं म्हणणं काय होतं आणि ते का टिकलं नाही. मला वाटतं मी बराच वेळ बोललो. त्या नीट ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “म्हंजे तुमचं बरोबर होतं.”

“हो.”

“आन त्या साहेबाचा नंबर चुकीचा.”

“हो.”

“मंग तवाच त्या साहेबाचा नंबर टाकला असता तं काय झालं असतं?”

मी सांगितलं. खोटं बोलावंसं वाटलं, पण नाही बोललो. “थोडी जास्त ड्यूटी लागली असती. माल तिसऱ्या दिवशी तुमच्या दारात असता.”

त्यांनी ‘थोडी म्हंजे किती’ विचारलं. मी आकडा सांगितला. त्यांनी तो ऐकला आणि मशिनच्या चाकावर हात ठेवला. समोरच्या ब्लाउजाला हूक लावायचे राहिले होते.

“येवढं तं मी गळ्यातलं इकून दिलं असतं,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

मी सोमीचं विचारलं. त्यांनी सांगितलं की ती भट्टीवरच आहे, पोरीला सोबत घेऊन गेली आहे, पावसाशिवाय येणार नाही. मास्तर दोनदा येऊन विचारून गेले. मी म्हटलं, ती आली की मी येऊन तिला भेटेन, माझी चूक सांगेन.

“काय सांगाल? तुमचं तं बरोबर होतं ना?”

निकालाची प्रत त्यांच्या मांडीवर होती. ती त्यांनी होती त्याच घड्यांवर दुमडली आणि माझ्या हातात परत दिली. मी उठलो, चपला घातल्या. त्या ओटीच्या कडेपर्यंत आल्या, जसं पाहुण्याला पोचवायला येतात.

“भाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमी मला फकस्त इचारायचं व्हतं. मी चुकीचा नंबर घेतला असता.”